विचार करून घ्या, पण लवकर घ्या

आमच्या सांगलीत मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्यावर स्वस्त आणि फॅशनेबल कपड्यांचे एक दुमजली दुकान नुकतेच उघडले आहे. उद्घाटनाच्या दिवशी फुग्यांच्या कमानीखालून निघालेली रांग शेजारच्या मेडिकलच्या पायरीपर्यंत गेली होती आणि डोकेदुखीची गोळी घ्यायला आलेले एक वयस्कर गृहस्थ त्या रांगेत चुकून उभे राहून शेवटी दोन ट्रॅक पॅन्ट घेऊन घरी गेले. असे प्रकार टाळता यावेत आणि खरेदी विचारपूर्वक व्हावी, या हेतूने हे मार्गदर्शन लिहीत आहे. गेल्या तीन आठवड्यांत मी त्या दुकानात चार वेळा गेलो. चारही वेळा मला काही घ्यायचे नव्हते आणि चारही वेळा मी पिशवी घेऊन बाहेर आलो, एवढा अधिकार मार्गदर्शनाला पुरेसा असावा.

विचारपूर्वक खरेदीची सुरुवात घरापासून होते. निघण्यापूर्वी एक कागद घ्यावा आणि त्यावर आपल्याला खरोखर लागणाऱ्या वस्तू लिहाव्यात. दोन पांढरे बनियन, सहा रुमाल, एक साधी पांढरी सलवार. या वस्तू त्या दुकानात मिळत नाहीत, परंतु यादी खिशात असली की आपण गरजेपोटी आलो आहोत ही भावना शेवटपर्यंत टिकते. मात्र यादी करताना कपाट उघडू नये. कपाट उघडले की मागच्या दिवाळीचा टॅगसकट ठेवलेला कुर्ता समोर येतो, त्याच्यामागून भाच्याच्या मुंजीत आहेर मिळालेली दोन शर्टपीस डोकावतात, आणि ‘मला घालायला काही उरलेले नाही’ या वाक्याचा पायाच खचतो. या वाक्यावर किती संसारांची शनिवार संध्याकाळ उभी आहे, याचा विचार करावा.

दुकानात शिरल्यावर आधी किंमत पाहावी आणि मग कपडा. उलट क्रमाने पाहणाऱ्यांना तो कपडा आपल्याला आवडतो की नाही, असा अनावश्यक प्रश्न पडू लागतो. २९९ रुपये या आकड्याचा उच्चार ‘तीनशे’ असा कधीही करू नये. तो दोनशेच्या घरातला आकडा आहे आणि त्याला त्या घरातून ओढून काढण्याचा आपल्याला अधिकार नाही. ९९९ ची गोष्ट वेगळी. पूर्वी हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर पाच टक्के जीएसटी होता आणि त्यापुढे बारा, त्यामुळे हजाराच्या अलीकडे थांबण्यात निदान काही हिशेब तरी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्क्यांची ती मर्यादा अडीच हजारांपर्यंत गेली. तरी ९९९ जागचे हललेले नाही, कारण जीएसटी परिषद कराचे दर बदलू शकते, गिऱ्हाईकाचा स्वभाव बदलणे तिच्या अखत्यारीत येत नाही.

गणिताची आवड असलेल्यांसाठी आणखी एक रीत सांगतो. कपड्याच्या किमतीला तो आपण किती वेळा घालू त्या संख्येने भागावे. २९९ चा टी-शर्ट शंभर वेळा घातला, तर प्रत्येक वेळचा खर्च जेमतेम तीन रुपये, म्हणजे टपरीवरच्या अर्ध्या कटिंगपेक्षाही कमी. ही शंभराची संख्या कोठून आणावी, असे काही जण विचारतात. ती मनातून आणावी. टी-शर्टकडून आणायला गेल्यास भागाकार बिघडतो.

कापडाला हात लावावा का, हा वादाचा मुद्दा आहे. माझ्या लग्नाच्या सफारीचे कापड आम्ही गणपती पेठेतल्या एका दुकानात घेतले होते. गादीवर बसलेल्या शेठजींनी आधी पाणी विचारले, मग तागा दोन हात लांब उलगडला, चिमटीत चुरगाळून सोडून दाखवला, आणि माझ्या वडिलांच्या चेहऱ्यावर शंका दिसताच कडेचे दोन धागे उपसून त्यांना काडी लावली. निम्मे जळून कागदाच्या राखेसारखे भुरभुरले, निम्म्याची काळी कडक गुठळी झाली. ती गुठळी वडिलांच्या तळहातावर ठेवून शेठजी म्हणाले, “टेरिकॉट आहे, म्हणून टेरिकॉटच सांगतो. सुती पाहिजे तर वरच्या फळीवरचं काढतो.” या सगळ्या प्रकारात दीड तास गेला. आता तेवढ्या वेळात पाच माणसांचे कपडे घेऊन शिवाय दाबेली खाऊन होते. नव्या दुकानात काडेपेटी नेऊ नये हे सांगायला नकोच. पण आतल्या शिवणीला लावलेली ती पांढरी पट्टीही वाचू नये, असे मी आग्रहाने सांगेन. तिच्यावर पॉलिएस्टर किती टक्के, व्हिस्कोज किती टक्के, हे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. खनिज तेलापासून बनवलेला धागा मे महिन्यात सांगलीच्या उन्हात अंगावर कसा वागतो, हे वाचून कळत नाही, घालूनच कळते, आणि अनुभवासारखा गुरू नाही.

तसेच बटणाच्या मागून लोंबणारा धागा ओढू नये. अनेक स्वस्त शर्टांचे बटण एकाच धाग्याच्या साखळी टाक्याने बसवलेले असते. त्याचे मोकळे टोक हाती आले की पोत्याची शिवण उसवावी तसा तो सरसर सुटत येतो आणि बटण सभ्यपणे आपल्या हातात येऊन बसते. ते इतरांच्या नजरेस पडण्यापूर्वी जवळच्या जीन्सच्या खिशात ठेवून पुढच्या रांगेकडे वळावे. त्या जीन्सच्या खिशात आधीच तीन बटणे असल्याचे आढळले, तर आपल्या आधी आलेले ग्राहकही विचारी होते असे समजावे.

कपडे घालून पाहण्याच्या खोलीबाहेर साधारण पंचवीस मिनिटांची रांग असते. हा वेळ वाया जातो असे मानणे चूक आहे, कारण रांगेत पुढच्या बाईंच्या हातातला कुर्ता पाहून तोच आपल्यालाही आणावासा वाटतो आणि मागच्याला जागा धरायला सांगून तो आणता येतो. आत गेल्यावर आरशाशी वाद घालू नये. तो आरसा आणि तो दिवा आपल्याला प्रसन्न करण्यासाठीच नेमलेले आहेत, आणि घरच्या न्हाणीघरातल्या आरशासारखी त्यांची आपल्याशी जुनी ओळख नाही. माप घट्ट झाले तर एक महिना चालायला जायचा निश्चय करावा, सैल झाले तर कापड आटेल असे म्हणावे. पूर्वी शिंप्याला ‘वाढत्या अंगाचे शिवा’ असे सांगत असत. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी ही सूचना पुन्हा लागू पडते, हे त्या खोलीत माझ्या लक्षात आले. बाहेर उभी असलेली माझी मुलगी म्हणाली, “बाबा, ओव्हरसाइज्डच असतं ते.” तेव्हा तो प्रश्न मिटला.

आता विचारपूर्वक म्हणजे नेमका कशाचा विचार, हेही ठरवून घ्यावे. विचाराला मोकळे सोडले तर तो भलत्याच ठिकाणी जातो. आमच्याकडच्या एका गृहस्थांना कोठेतरी वाचलेले आठवले की, एका सुती टी-शर्टमागे कापसाच्या शेतापासून धरून सुमारे २७०० लिटर पाणी लागते असा अंदाज आहे. दुर्दैवाने ते मिरजेचे निघाले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वेगाडी गेली, तेव्हा तिच्या दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ते गृहस्थ टी-शर्टांच्या स्टँडसमोर उभे राहून बोटांवर भागाकार करू लागले आणि सगळ्या गाडीचे मिळून १८५ टी-शर्ट होतात, असे त्यांनी जाहीर केले. समोरच्या तीन स्टँडवर तेवढे सहज असावेत. त्यांच्या पत्नी शांतपणे म्हणाल्या, “अहो, तो तर पॉलिएस्टरचा आहे,” आणि लातूरचे पाणी वाचले.

याच धर्तीवर, एवढ्या किमतीत शिवणाऱ्याला काय मिळत असेल, हा विचारही दुकानाच्या वेळेत करू नये. ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. २३ एप्रिल २०१३ रोजी तिच्या भिंतींना भेगा दिसल्या. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने बंद झाली. वरच्या शिलाई कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आले, कारण माल वेळेवर जायचा होता. सकाळी इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसे मेली. बँकेने विचार केला, तो तिला परवडला. माल ज्या देशांत जायचा होता तेथे नंतर बरेच करारनामे झाले, आणि दुकानेही चालू राहिली. हे सगळे वाचून तुमचा हात टी-शर्टवरून मागे येत असेल, तर स्टँडच्या दुसऱ्या बाजूला जावे. तिथून दारावरचा फुग्यांचा हत्ती दिसतो.

एवढे लांब जायचेही कारण नाही. आमच्यापासून एस.टी.ने थोड्याच अंतरावर इचलकरंजी आहे. तेथे १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे गावाला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणू लागले. आजही तेथल्या गल्ल्यांतून जाताना माणसाला माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, इतका मागांचा खडखडाट असतो. मीटरमागे पैशांत मजुरी मोजणारा माणूस त्या खडखडाटात उभा असतो. त्याच्या मागावरचे कोरे कापड कोठे रंगते, कोठे कापले जाते आणि कोणत्या नावाची पट्टी लावून आपल्यापर्यंत येते, हे त्यालाही सांगता येत नाही. आपण तरी का विचारावे? पट्टीवर ‘मेड इन इंडिया’ असे लिहिलेले असते, तेवढ्यावर अभिमान बाळगावा.

पैसे देण्याच्या रांगेच्या दोन्ही बाजूंना मोजे, नेलपॉलिश, केसांचे चाप आणि अत्तराच्या बाटल्या मांडलेल्या असतात. यांना खरेदी म्हणत नाहीत, ती रांगेची पट्टी आहे. काउंटरवरची मुलगी मान वर न करता मोबाईल नंबर विचारते. नंबरासाठी ग्राहकांना अडवून धरू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना कळवले होते. पण मागे बारा माणसे उभी असताना ग्राहक व्यवहार विभाग आपल्या बाजूला येऊन उभा राहत नाही. मी एकदा “नंबर दिलाच पाहिजे का?” असे विचारून पाहिले, तर मागून एका काकूंनी त्यांचा नंबर सांगून टाकला. तेव्हापासून माझ्या बनियनांऐवजी घेतलेल्या सर्व वस्तूंची नोंद त्यांच्या नावावर आहे. कागदी पिशवीचे वेगळे पैसे पडतात. घरून कापडी पिशवी आणणारे लोक विचारी खरे, परंतु ती पिशवी स्कूटरच्या डिकीत राहिलेली असते, आणि ती आणायला गेल्यास रांगेतली जागा जाते.

घरी आल्यावर पहिल्या धुण्यापर्यंतचा काळ सुखाचा असतो. तो जितका लांबवता येईल तितका लांबवावा. माझा गडद लाल कुर्ता पहिल्याच धुण्यात कुटुंबवत्सल निघाला आणि त्याने आपला रंग घरातल्या सर्वांना सारखा वाटला. टी-शर्टची कहाणी अधिक तात्त्विक आहे. तिसऱ्या धुण्यानंतर त्याची डाव्या कुशीतली शिवण हळूहळू पुढे सरकू लागली. पाचव्या धुण्यानंतर ती बेंबीच्या रोखाने आली. आता तो घातल्यावर मी सरळ उभा असलो तरी समोरच्याला मी वळून कोणाकडे तरी पाहतो आहे असे वाटते. बिल दाखवून बदलून घ्यावा म्हणून मी पाकिटातले बिल काढले, तर त्यावरची अक्षरे टी-शर्टच्या आधीच गेली होती.

अशा कपड्यांचे पुढे काय करावे, याचा निर्णय आमच्याकडे परंपरेने बोहारणीवर सोपवलेला आहे. मागच्या बुधवारी ती दारात आली. सौभाग्यवतींनी सात टी-शर्ट, दोन ट्रॅक पॅन्ट आणि तो लाल कुर्ता असा ढीग तिच्यापुढे ठेवला आणि झाकणाच्या स्टीलच्या डब्याकडे बोट दाखवले. बोहारणीने एकेक कपडा उचलला, चिमटीत धरला, उजेडाकडे करून ताणला आणि बाजूला ठेवला. पट्टी तिनेही वाचली नाही. तिला वाचता येत नसावे, आणि तिच्या बोटांना त्याची गरजही दिसली नाही.

“वहिनी, ह्याचं काय येत नाही बघा.”

“अगं, नवे आहेत. चार वेळा घातलेले नाहीत.”

“नवं असू दे की. हे पाणीच पीत नाही, पोतेरं बी होत नाही ह्याचं. त्या नव्या दुकानातलं ना? पलीकडच्या गल्लीत तीन घरी हेच काढून ठेवलंय.”

मग तिची नजर आत, उघड्या राहिलेल्या कपाटाकडे गेली. तळाच्या कप्प्यात माझी लग्नातली सफारी होती. तिने ती मागून घेतली, चुरगाळून सोडली, बाहीचे टोक दोन बोटांत फिरवले, आणि काही न बोलता डबा पुढे सरकवला. वर एक चमचाही ठेवला.

सात टी-शर्ट परत कपाटात गेले आहेत. सफारीच्या जागी तळाच्या कप्प्यात चांगली हातभर मोकळी जागा झाली आहे. शनिवारी दुकान अकराला उघडते, परंतु विचारपूर्वक निवड करायची असेल तर पावणेअकरालाच गेलेले बरे.