करंगळीचं काम

आमच्या शाळेत करंगळीला एकच काम होतं. ती वर करून सरांकडे केविलवाणं बघायचं आणि परवानगी मिळाली की बाहेर पळायचं. त्यानंतर त्या बोटाला मी कधी दुसरं काम सांगितलं नाही. आता पन्नाशीच्या तोंडावर तिला गिटारच्या तारेवर बस म्हणतोय, तर ती जुन्या सवयीनं वरच होते.

साधी डी मेजर कॉर्ड (म्हणजे एकदम छेडलेले काही ठरावीक स्वर) जमत होती. तीन बोटांचा त्रिकोण, विषय संपला. तेवढ्यात आमचे गुरुजी म्हणाले, "काका, आता सस फोर. सस म्हणजे सस्पेंडेड, लटकलेली कॉर्ड. डी तशीच धरा, फक्त सगळ्यात बारीक तारेवर तिसऱ्या फ्रेटला, म्हणजे तिसऱ्या घरात, करंगळी टेकवा." गुरुजी सोलापूरच्या पूर्व भागातले, वय माझ्या मुलाएवढं. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी. मी डी धरली की तोंडातल्या तोंडात काहीतरी कन्नड बोलतात, त्याचा अर्थ मी विचारत नाही. "सस टू तर त्याहून सोपी काका. मधलं बोट उचला, तार मोकळी सोडा."

करंगळी टेकवली की अनामिका सरकते. अनामिकेला दम दिला की मधलं बोट शेजारच्या तारेला चिकटतं आणि सुराऐवजी 'टक्' येतं. त्यात सोलापूरचा एप्रिल. पंखा लावावा तर कॉर्डचा कागद उडतो, बंद करावा तर घामानं बोटं घसरतात. शेवटी कागदावर शेंगाचटणीची बरणी ठेवली. तेव्हापासून माझी डी मायनर तेलकट आहे.

खरी गंमत पुढेच आहे. कॉर्ड मेजर की मायनर, हे ठरवतो तिसरा स्वर, म्हणजे आपला गंधार. शुद्ध असला तर हसरी मेजर, कोमल असला तर रडवी मायनर. सस कॉर्डमध्ये नेमकी त्यालाच सुट्टी! त्याच्या जागी मध्यम बसला की सस फोर, रिषभ बसला की सस टू. त्यामुळे ही कॉर्ड ना हसते ना रडते. नळाला पाणी येणार म्हणून हंडा लावून बसलेल्या माणसासारखी नुसती ताटकळते. (सोलापूरकरांना याहून जास्त सांगायला नको.)

आई भजनी मंडळातली. ती भाकऱ्या थापत होती तेव्हा मी सस फोर छेडली आणि थांबलो. आतलं थापणंही थांबलं.

"मध्यमावर काय बसलायस रे? ये की खाली गंधारावर!"

म्हातारीचा कान पक्का. गिटारवालेही सस फोरवरून बहुतेक वेळा मेजरवरच उतरतात. करंगळी उचलली की झालं. पण इतके दिवस बसायला तयार नसलेली माझी करंगळी आता उठेना.

"अरे, ये की!"

"येतोय गं, बोट अडकलंय."

शेवटी तिनंच आतून खणखणीत 'गऽऽ' लावला आणि मग तव्याकडे वळली. सोलापुरात कडक भाकरी मुद्दाम करतात. आमच्याकडे त्या दिवशी ती मध्यमामुळे झाली.