पोरींना रॅप पोरांनी लिहून दिला म्हणे!

भाचीने तिच्या डान्स ग्रुपवरचा एक फॉरवर्ड पाठवलाय, खाली "मामा, खरंय का हे?" म्हणून विचारलंय. मेसेज असा की रॅपमधला बायकांचा पहिला ग्रुप म्हणजे सॉल्ट-एन-पेपा, त्याआधी पोरी नुसत्या मागे नाचायच्या, न्यूयॉर्कबाहेर तर कुणी नव्हतंच, आणि कुणी माईक धरलाच तर ओळी पोरांनी लिहून दिलेल्या असायच्या. खाली बदामांची रांग लागलीय.

अहो, सॉल्ट-एन-पेपाचा पहिला अल्बम 1986 चा. आणि 'द सीक्वेन्स' या पोरींच्याच रॅप ग्रुपचा पहिला अल्बम, 'शुगरहिल प्रेझेंट्स द सीक्वेन्स', 1980 चा! इथेच विषय संपायला हवा खरं तर. अमेरिकेत साऊथ कॅरोलायनातल्या कोलंबियाच्या या तीन पोरी, शाळेत चीअरलीडिंग करणाऱ्या. 1979 ला शुगरहिल गँग या पोरांच्या रॅप ग्रुपचा शो त्यांच्या गावात आला तर थेट बॅकस्टेजला जाऊन त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या मालकीणबाई सिल्विया रॉबिन्सनना गाऊन दाखवलं, आणि त्याच वर्षी यांचं 'फंक यू अप' हे गाणं बाजारात. म्हणजे "न्यूयॉर्कबाहेर कुणी नव्हतंच" हे पण गेलं.

आता ते लिहून दिल्याचं. डोकं सटकलं ते इथे. 'फंक यू अप'च्या क्रेडिटमध्ये सिल्वियाबाईंसोबत अँजेला ब्राऊन, ग्वेंडोलिन चिझम, शेरिल कुक अशी तिघींची नावं आहेत, यात पोरगा दाखवा मला. उलट दुसऱ्याच्या ओळी म्हटल्याचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण कुणाचं, तर शुगरहिल गँगच्या बिग बँक हँकचं! 'रॅपर्स डिलाइट' या त्यांच्या गाण्यात त्याने ग्रँडमास्टर कॅझ या दुसऱ्या रॅपरच्या ओळी उचलल्या, त्या पण इतक्या जशाच्या तशा की कॅझचं टोपणनाव 'कॅसानोव्हा', तेसुद्धा हा बाबा एकेक अक्षर सुटं करून स्वतःचं म्हणून सांगतोय. कॅझला ना क्रेडिट ना पैसे. त्यावर कधी फॉरवर्ड येत नाही, संशय मात्र पोरींवर.

सीक्वेन्सचं "एकच गाणं, बाकी भरती" म्हणणाऱ्यांनी त्यांचं 'सायमन सेज' ऐकलेलं नाही, बस. आणि 'फंक यू अप'चा हूक, म्हणजे डोक्यात बसणारी ओळ, रॅपर डॉ. ड्रेने 1995 मध्ये उचलला तो काय उगाच?

बरं, प्लॅटिनमपर्यंत, म्हणजे दहा लाख खपापर्यंत, आधी पोचल्या त्या सॉल्ट-एन-पेपाच, तेवढं मान्य, सीक्वेन्सवाल्या तीन अल्बम काढून काही वर्षांत पांगल्या. पण त्यातली अँजी बी, म्हणजे वरची अँजेला ब्राऊन, हीच पुढची गायिका अँजी स्टोन, 'नो मोअर रेन'वाली, 2025 च्या मार्चमध्ये अपघातात गेली तेव्हा याच ग्रुपवर रडके इमोजी पडले होते.