आठ दिवसांत जग जिंकायचंय? जालन्याला या!

परदेशातल्या प्रिय बंधुभगिनींनो, ख्रिस्ती मिशनकार्य आजच्या काळात प्रभावी कसं करावं यावर तुमच्याकडे म्हणे परिषदा भरतात. कशाला एवढा खर्च? मी जालन्याचा. गेल्या फेब्रुवारीत तुमच्या एका टीमबरोबर आठ दिवस दुभाष्या म्हणून हिंडलोय. फुकटात सांगतो.

भाषा अजिबात शिकू नका. इंग्लंडहून आलेले मिशनरी विल्यम केरी बंगालात बसून मराठी शिकले, १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं. केवढा वेळ गेला बिचाऱ्यांचा! तुमच्याकडे आठच दिवस, त्यातले दोन वेरूळ-अजिंठ्याचे. 'नमस्ते' पुरे.

दृष्टान्त मात्र घरूनच आणा. आमच्या टीमप्रमुखांनी गोठलेल्या तळ्यावरून भीत भीत चालणाऱ्या माणसाचा आणला होता. "तळं गोठलं होतं," असं मी म्हणालो, तसे मागच्या बाकावरचे आजोबा मोठ्यांदा म्हणाले, "आटलं म्हणायलास का?" म्हटलं, हो आजोबा, आटलं. मग तो माणूस आटलेल्या तळ्यावरून निवांत पलीकडे गेला आणि सगळ्या मंडळीनं 'आमेन' म्हटलं. टीमप्रमुखांचे डोळे भरून आले.

कंपाउंडची भिंत रंगवा. ती नाताळातच रंगवलीय असं कुणी सांगितलं तर हसून मान हलवा.

पाणी बाटलीचंच प्या. रिकाम्या बाटल्या आमच्याकडेच राहू द्या.

टाळ-पेटीवरची भजनं दोनच होऊ द्या, मग गिटार काढा. नारायण वामन टिळकांनी अभंगांतून ख्रिस्त गायला त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. जुनंच झालं ते.

आता मुख्य गोष्ट : फोटो. फोटो नसेल तर देणगी नाही, देणगी नसेल तर पुढची ट्रिप नाही. तेव्हा फोटोत गरिबी दिसली पाहिजे, आणि दिसत नसेल तर ती मांडून घेतली पाहिजे. आमच्या एका मावशींकडे टीमला जेवायला नेलं होतं. मावशी मिशनच्या दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. नळाला पाणी येऊन आठ दिवस झालेले, तरी पाहुण्यांच्या हातावर घालायला त्यांनी भरलेली घागर बाजूला ठेवली होती. पुरणपोळ्या केल्या. ईस्टरची ठेवणीतली साडी नेसल्या, दारात रांगोळी काढली. जेवणं झाली आणि फोटोवाला मला म्हणाला, "यांना रोजची साडी नेसायला सांग. आणि चूल कुठंय?" मावशींकडे गॅस आहे. मग परसातली पाणी तापवायची चूल सापडली. मावशी म्हणाल्या, "काय म्हणायलेत रे त्ये?" आणि मी सांगितलं. हो, मीच सांगितलं, आपल्या शुद्ध मराठीत. त्या आत जाऊन विटकी साडी नेसून आल्या, चुलीपाशी बसल्या, धुरानं डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा कॅमेरा दहा वेळा वाजला.

महिन्याभरानं टीमचं पत्रक आलं. पहिल्याच पानावर मावशी. खाली ओळ : ख्रिस्ताची सुवार्ता अजून न ऐकलेल्यांपैकी एक.

न ऐकलेल्या? मावशींचे खापरपणजे बेथेलचे. मराठी मिशनरी नारायण शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून जालन्याजवळ वसवलेलं ते गाव. दीडशे वर्षं झाली त्याला, चार-पाच पिढ्या त्या घरात बायबल वाचलं जातंय! रात्रपाळीत अडलेल्या बाळंतिणीच्या उशाशी बसून मावशींनी जेवढ्या प्रार्थना केल्या असतील, तेवढे तुमच्या टीमचे सगळ्यांचे मिळून रविवार भरायचे नाहीत. आणि त्या पत्रक बघून काय म्हणाल्या? "डोकं तरी विंचरू द्यायचं होतं बा."

मित्रहो, हे तुम्हाला आधी कुणी सांगितलं नाही असं नाही. १९१० च्या एडिंबरोच्या जागतिक मिशन परिषदेत व्ही. एस. अझराया उभे राहिले होते. मराठवाड्यासारखंच निजामाच्या राज्यातलं दोर्नकल, तिथं काम करणारा माणूस. तुम्ही पुष्कळ दिलंत, आता आम्हाला मित्र द्या, असं त्यांनी तुमच्या वाडवडिलांना तोंडावर सांगितलं. मित्र म्हणून या की! दोन वर्षं राहा, टँकरच्या रांगेत उभे राहा, मावशींना नाव विचारा. आठ दिवस जेवलात, नाव एकानंही विचारलं नाही. लाज वाटायला पाहिजे.

आणि आमच्या चर्चच्या कमिटीवाल्यांनो, तुम्ही तर काही बोलूच नका. हार तुम्ही घातले, पोरांना नवे कपडे काढून जुने घालायला तुम्ही लावलंत. पुढच्या महिन्यात दुसरी टीम येतेय म्हणून परवा कंपाउंडच्या भिंतीचा चांगला रंग पत्र्यानं खरवडायला माणूस लावलात, तो मी डोळ्यांनी बघितला. दुभाष्याला निरोप पाठवलाय, पोचला. मी येणार नाही. आणि मावशींच्या दारात कुणाला कॅमेरा घेऊन नेलंत, तर गाठ माझ्याशी आहे.