बांबूचा कोंब कच्चा खाऊ नका

'जंगलात वाट चुकलात तर बांबूचा कोवळा कोंब सोलून कच्चाच खा' असा एक मेसेज ट्रेकच्या ग्रुपांवर फिरतोय. कृपया पुढे पाठवू नका, तो धोक्याचा आहे.

कच्च्या कोंबात टॅक्सिफायलिन नावाचं द्रव्य असतं. कोंब चिरला किंवा चावला की त्यातून हायड्रोजन सायनाइड, म्हणजे सरळ विषच, सुटतं. किती, ते जातीवर आणि कोंबाच्या भागावर ठरतं; चवीवरून अंदाज बांधत बसू नये. विदर्भात पावसाळ्यात वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची, भाजी आवडीने खातात, पण कच्ची नाही. वरची खाजरी लवदार सालं काढायची, आतला पांढरा गाभा पातळ चिरायचा, भरपूर पाण्यात झाकण न ठेवता चांगला उकळायचा आणि ते पाणी फेकून द्यायचं. उष्णतेने हे द्रव्य मोडतं, म्हणून उकळणं टाळता येत नाही.

त्याच मेसेजमधला बांबूत भात शिजवण्याचा सल्ला खरा आहे, फक्त महत्त्वाची गोष्ट राहिलीय. पेराचं एक टोक उघडं हवं. दोन्ही गाठी बंद असलेलं हिरवं पेर विस्तवात टाकलं, तर आतली वाफ कोंडून ते फटाक्यासारखं फुटतं आणि धारदार कपच्या अंगावर उडतात.