चौकशी अधिकारी झालात? अभिनंदन!

झोनल ऑफिसचं पत्र आलं ना? कुठल्याशा शाखेतल्या कॅशियरच्या खात्यांतर्गत चौकशीवर ई.ओ. म्हणून तुमची नेमणूक. घाबरू नका. परवाच मी बचाव प्रतिनिधी म्हणून एका एन्क्वायरीची सातवी तारीख भोगून आलोय. तिथं शिकलो ते फुकटात सांगतो.

चार्जशीट वाचू नका. निकाल ठरलेला असला की वाचनाने उगाच गोंधळ उडतो.

तारखा सढळ हाताने द्या. पी.ओ., म्हणजे बँकेची बाजू मांडणारे अधिकारी, ऑडिटला गेले, तारीख. साक्षीदार रजेवर, तारीख. तुमचंच मार्च क्लोजिंग, तारीख. बचाव पक्षाने मात्र एकदा जरी मागितली, तर प्रोसिडिंगमध्ये लिहून टाका, ‘कर्मचारी सहकार्य करत नाही.’ चौकशी पोलिसांकडे नसून बँकच करत असेल तर निलंबित क्लार्कला पहिले तीन महिने एक तृतीयांश पगार मिळतो, मग निम्मा, आणि वर्षानंतर पूर्ण. पण उशीर त्याच्यामुळे झालेला नसेल तरच! एका ओळीत बँकेचे किती पैसे वाचले बघा.

चहा सगळ्यांना द्या, चार्जशीट दिलेल्यालाही. नैसर्गिक न्याय म्हणतात तो हाच.

आता कागदपत्रं. आमच्याकडे आरोप एवढाच, की पासिंगची, म्हणजे पैसे द्यायला मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याची, सही नसलेल्या विड्रॉल स्लिपवर चाळीस हजार दिले. सगळा खेळ एका स्लिपचा. पी.ओ.नी दिली झेरॉक्सची झेरॉक्स. खातेदाराचं नाव दिसतं, रक्कम दिसते, कॅशचा शिक्का तर लख्ख. आणि अधिकारी सही करतो त्या कोपऱ्यात, बरोब्बर तिथंच, अंगठ्याएवढा काळा पट्टा! ओरिजिनल मागितली. ‘रेकॉर्डला सापडत नाही.’ मग सही नव्हती हे कळलं कसं? ‘इन्व्हेस्टिगेशन रिपोर्टात आहे.’ रिपोर्टवाल्यांना विचारलं, स्लिप तुम्ही पाहिलीत? म्हणाले, शाखेने मेल केली होती. मेल उघडली तर हीच झेरॉक्स, हाच पट्टा. आणि त्या दिवशी पासिंगला बसलेले साहेब? ते प्रमोशनवर परराज्यात, साक्षीला येणार नाहीत. अरे, नुसता कागद पुढे ठेवला म्हणजे तो शाबीत होत नाही, त्याला साक्षीदार लागतो, हे सुप्रीम कोर्टाने पंजाब नॅशनल बँकेच्या एका प्रकरणात डिसेंबर २००८ मध्येच सांगून ठेवलंय. निकालाची प्रत मी पुढे सरकवली. आमच्या ई.ओ.नी तिच्यावर चहाचा कप ठेवला.

संशयाचा फायदा फौजदारी कोर्टात. इथं पारडं जड कुठलं एवढंच बघायचं, आणि वजनं तुमच्या खिशात.

अहवाल पी.ओ.च्या ब्रीफवरून, म्हणजे लेखी युक्तिवादावरून, उतरवा, स्पेलिंगच्या चुकांसकट.

जाऊ दे. हसू येत नाहीये मला. साहेब, त्या खुर्चीत बसल्यावर तुम्ही ना बँकेचे, ना कर्मचाऱ्याचे. एवढंही कळत नसेल तर नेमणूक नाकारा, पण माणसाच्या भाकरीशी खेळू नका. त्याने पैसे खाल्ले असतील तर खुशाल डिसमिस करा, मी चकार शब्द काढणार नाही. आधी स्लिप तर दाखवा! एकोणीस वर्षं कॅश मोजलेला माणूस तसल्याच एका ‘सहकार्य करत नाही’पायी चौदाव्या महिन्यातही निम्म्या पगारावर आहे. परवा जिन्यात मला विचारत होता, “दादा, पट्टा मशीनचाच असेल ना हो?”

आठवी तारीख वीस दिवसांनी आहे. पी.ओ. साहेब, ओरिजिनल घेऊन या.