हात वर

आमच्या ऑफिसात आयटीवाल्यांनी न विचारता सगळ्यांच्या लॅपटॉपवर ब्रेकची आठवण करून देणारं सॉफ्टवेअर टाकलंय, आणि काल रात्री त्याच्यापायी सिक्युरिटीवाल्याने माझ्या तोंडावर टॉर्च मारला. अजून डोकं शांत झालेलं नाही म्हणून लिहितोय.

तर ते मधेच अख्खी स्क्रीन झाकतं आणि चित्रातला एक माणूस व्यायाम सांगायला लागतो. व्यायामाला माझी ना नाही हो, पण त्याचा वेग! "ताठ बसा, उजवा कान उजव्या खांद्याकडे न्या, खांदा उचलू नका, श्वास रोखू नका" एवढं वाचेपर्यंत खालची पट्टी अर्धी सरलेली असते, आणि मी मान वाकवतो तोवर तो गडी डावीकडे पोचलेला असतो. स्ट्रेच १५ ते ३० सेकंद धरायचा असतो, फिजिओकडे जाऊन आलेला कुणीही सांगेल, पण इथे वाचायचा वेळही त्यातच कापलाय. एक व्यायाम तर डोळे मिटून करायचाय. पुढची सूचना कुठे, तर स्क्रीनवर. आवाज आयटीनेच बंद केलाय, बाकीच्यांना त्रास नको म्हणून. आणि ते २० मिनिटांनी २० सेकंद २० फूट लांब बघायचं, तेही आहे. माझ्यापासून बरोब्बर २० फुटांवर अकाउंट्सच्या एक मॅडम बसायच्या. बसायच्या. आता त्यांनी जागा बदलून घेतलीय.

काल पावणेनऊला फ्लोअरवर मी एकटाच, लाईट अर्धे बंद, आणि याने सांगितलं बोटं गुंफून दोन्ही हात डोक्यावर ताणा. ताणले. तेवढ्यात मागून टॉर्च.

"हात खाली नका करू!" मग जवळ येऊन, "सर, तुम्ही होय? कॅमेऱ्यात दिसलं हात वर केलेला माणूस. म्हणलं कुणीतरी धरलंय वाटतं तुम्हाला."

म्हणलं भाऊ, व्यायाम आहे. तर तो गेलाच नाही, टॉर्च काखेत धरून स्क्रीनपुढे उभा. पोरगा पोलीस भरतीची तयारी केलेला, १६०० मीटरला थोडक्यात मार्क गेले म्हणून इथे. बघता बघता त्याचा चेहरा आंबट झाला.

"सर, हे कोण घेतंय?"

"कोणी नाही, कॉम्प्युटर."

"ह्याला कोणी शिकवलं? डावीकडून उजवीकडे जाताना मान मधी आणायला वेळच नाही देत हा. झटका बसून लचक भरंल तुमची. आमचे सर आधी करून दाखवायचे, मग शिट्टी, मग मोजायचे. आणि मोजताना आमच्याकडं बघायचे. हा बघतोय का तुमच्याकडं?"

बघत नाही. पण मोजतो बरोबर, कारण ब्रेक स्किप केला की त्याचा रिपोर्ट एचआरकडे जातो. डेडलाईन कुणी पुढे ढकलत नाही, रात्री पावणेनऊला मी इथे काय करतोय हे कुणी विचारत नाही, मान मात्र वेळेवर वाकली पाहिजे.

"चला, मी घेतो," म्हणाला, आणि खरंच घेतलं. मोकळ्या फ्लोअरवर "एऽऽक, दोऽऽन" असा आवाज. खोटं कशाला बोलू, मान सुटली. मग म्हणाला, "सर, माझ्या मोबाईलवर बसंल का हे? बारा तास उभं राहून पाय भरून येतात." मी यादी खाली सरकवून बघितली. प्रत्येक व्यायामाची पहिली ओळ: खुर्चीत ताठ बसा. गेटवर त्याला खुर्ची नाहीये, सुपरवायझरला चालत नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क कायद्यात लिहून दिला, आणि आमच्याकडे लाखो रुपये पगाराची माणसं मीटिंग घेऊन मला बसून कसं वाकायचं ते ठरवतायत.

"बसायचेच आहेत का सगळे? मग राहू द्या," म्हणाला आणि रजिस्टर पुढे केलं, चौथ्या मजल्यावर आल्याची नोंद करावी लागते म्हणे. कारणाच्या रकान्यात वर येण्याआधीच लिहून ठेवलं होतं, 'संशयास्पद हालचाल'. मी म्हणलं हे खोडा आणि व्यायाम लिहा. बराच वेळ भांडलो तेव्हा कुठे खोडलं.

"खाडाखोड चालत नाही सर. इथं शेजारी सही करा तुमची."