विरजण

काल रात्री साडेअकराला मी आमच्या बिल्डिंगमधल्या एका घराची बेल वाजवली म्हणून आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आलाय, "सदस्यांनी इतरांच्या घरगुती बाबींत लक्ष घालू नये." खाली अकरा अंगठे. अकरा! त्यातल्या निदान चार घरांना त्या घरातल्या बाईचा, नवऱ्याचा मार खातानाचा आवाज माझ्याइतकाच स्पष्ट येतो, गेले सहा महिने येतोय. मजला सांगणार नाही, तिला आणखी त्रास नको.

मी डोंबिवलीत चाळीत वाढले. बाजूच्या खोलीतले काका पगार झाला की पिऊन यायचे आणि काकूंना मारायचे, आणि मधे भिंत कसली, फळ्यांचं पार्टिशन, सगळं ऐकू यायचं. लोक रेडिओ मोठा करायचे. माझी आजी मांडणीवरची वाटी उचलायची, जाऊन दार ठोकायची, "विरजण आहे का गं थोडं?" आमच्याकडे विरजण कायम असायचं, हे काकांनाही माहीत होतं. पण आजी उंबऱ्यावरून हलायचीच नाही. मग म्हणायची, "हिला जरा पाठव रे, सुईत दोरा ओवून हवाय." रात्री दहाला सुईत दोरा! काकू येऊन आमच्याकडे बसायच्या, काका झोपेपर्यंत. कोणी काही विचारायचं नाही, आजी चहा टाकायची.

आणि आम्ही शिकलेली माणसं काय करतो तर खिडक्या लावून घेतो. "पर्सनल मॅटर आहे." कुणी तिची गाडी फोडत असता तर अख्खी सोसायटी खाली उतरली असती ना? 2019-21 च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी साधारण चारातल्या एकीने नवऱ्याने हिंसा केल्याचं सांगितलंय. आमच्याकडे 48 फ्लॅट आहेत. करा हिशोब. आणि या नुसत्या सांगितलेल्या.

सेक्रेटरी म्हणतात, उगाच पोलीस-कोर्टाचं लफडं आपल्या गळ्यात पडेल. नाही पडत हो! 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात चौथं कलमच त्यासाठी आहे, असं काही घडतंय असं वाटायला कारण असेल तर शेजारीपाजारी कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्यासाठी सरकारने नेमलेला अधिकारी) कळवू शकतो आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी, फौजदारी कसलीच जबाबदारी येत नाही. 2006 पासून लागू आहे हे. 181 ही महिला हेल्पलाइन लावा, मारहाण चालूच असेल तर पोलिसांसाठी 112 लावा.

खोट्या केसेस होतात म्हणे. होत असतील. म्हणून काल जे कानांनी ऐकलं तेही खोटं का? आणि हो, बेल वाजवल्याचा राग तो नंतर तिच्यावरच काढू शकतो, हे मान्य, रात्रभर त्याच भीतीने मला झोप नाही.

पण न गेल्याने काय होतं तेही मी पाहिलंय. 1988 ची कार्तिकी, आजी पंढरपूरला गेलेली. रात्री बाजूला सुरू झालं. आई वाटी घेऊन दारापर्यंत गेली. बाबा म्हणाले, "आपल्याला काय करायचंय." बाबा वाईट नव्हते, खरंच नव्हते. आईने वाटी परत मांडणीवर ठेवली, तो आवाज मला आजही आठवतो. सकाळी काकूंचा हात गळ्यात बांधलेला, "नळावर घसरले." बायकोच्या छळाविरुद्धचं 498-अ कलम येऊन तेव्हा पाच वर्षं झालेली, चाळीत कुणाच्या गावीही नव्हतं. आजी परत आली, तिने सगळं ऐकलं आणि दोन दिवस आईशी बोलली नाही. बाबांशी मात्र बोलली. याचा राग मला आता येतो.

काल बेल वाजवली तेव्हा मी काहीच ठरवलं नव्हतं. त्याने दार उघडलं आणि माझ्या तोंडातून आलं, "विरजण आहे का?" हातात वाटीसुद्धा नव्हती. तो "नाही" म्हणाला, मी तिथेच उभी राहिले, पाय लटपटत होते पण उभी राहिले. आतला आवाज थांबला होता.

आज दुपारी ती लिफ्टमध्ये भेटली. खाली बघत होती. माझा मजला आला तेव्हा हळूच म्हणाली, "मिळालं का हो विरजण?" मी म्हटलं, नाही मिळालं, लागलं तर परत येईन, आणि तूही ये, कितीही वाजता. तिने मान हलवली, दार बंद झालं.

रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. अकरा अंगठेवाल्यांनो, मी येतेय.